रात्री दोन वाजता गेटवर कोण असतं?

वाचकांचे प्रश्न, निवृत्त अग्निशमन अधिकाऱ्याची उत्तरं

एरवी या सदरात घरगुती गॅस, सोसायटीतली वायरिंग, दिवाळीचे फटाके यांबद्दल पत्रं येतात. या वेळी मात्र कॉलेज, वसतिगृह आणि अभ्यासिका यांबद्दलचीच जास्त आली. नाशिकच्या अग्निशमन दलातून निवृत्त झाल्यावर मी प्रशिक्षणासाठी कॉलेजांमध्येच जातो, म्हणून हा पूर्ण अंक त्या पत्रांना दिला आहे.

माझी मुलगी गंगापूर रोडवरच्या एका खासगी वसतिगृहात राहते. रात्री दहानंतर जिन्याच्या तोंडाशी असलेल्या चॅनल गेटला कुलूप लावतात. रेक्टर मॅडम म्हणतात, मुलींच्या सुरक्षेसाठीच आहे. मला ते पटत नाही, पण बोलले तर मुलीला त्रास होईल का, अशी भीती वाटते.
(एक आई, पिंपळगाव बसवंत)

ताई, बोला. एकट्या जाऊ नका, आणखी चार पालकांना घेऊन जा, पण बोलाच. बाहेरचा कुणी आत येऊ नये ही रेक्टर मॅडमची काळजी खरी आहे. त्यासाठी आतल्या मुलीला बाहेर पडता येऊ नये, हा मात्र त्यावरचा उपाय नाही.

आगीत माणसं भाजून कमी जातात, धुराने जास्त जातात. 13 जून 1997 ला दिल्लीच्या उपहार थिएटरमध्ये 59 जण गेले, बहुतेक सगळे गुदमरून. बाल्कनीतून बाहेर पडायची एक वाट जादा खुर्च्या टाकून बंद केलेली होती. वसतिगृहात आग लागते ती साध्या कारणाने: एका मल्टिप्लगवर केटल, इंडक्शन आणि तीन चार्जर, नाहीतर गादीवर चार्जिंगला ठेवलेला मोबाइल. गादीचा फोम पेटला की काळा, घशाला झोंबणारा धूर निघतो. तो खोलीबाहेर पडला की जिना म्हणजे त्याचं धुरांडं होतं, आणि मुली नेमक्या त्याच जिन्याने खाली येणार असतात.

एका वसतिगृहात मी गार्डदादांना म्हटलं, दिवे घालवतो, गेट उघडून दाखवा. चाव्यांचा जुडगा मोठा, एकाही चावीला खूण नाही. त्यांनी मोबाइलचा टॉर्च दातात धरला आणि एकेक चावी लावून पाहू लागले. हात थरथरत होते, आणि ही नुसती तालीम होती. बिचारे महिन्यापूर्वीच एजन्सीकडून बदलून आले होते, त्यांना कुणी काही दाखवलेलंच नव्हतं. प्रशिक्षणाला बसवतात प्राध्यापकांना आणि रेक्टरना. रात्री दोन वाजता गेटवर असतो तो एजन्सीचा गार्ड, आणि आत असतात मुली. आधी शिकवायचं ते त्यांनाच.

उपाय महागडे नाहीत. दाराला आतून आडवी दांडी बसवता येते, तिला पॅनिक बार म्हणतात. आतून ढकललं की दार उघडतं, बाहेरून उघडत नाही. दार उघडताच घंटा वाजेल अशी सोय केली की कोण कधी बाहेर गेलं तेही कळतं, म्हणजे रेक्टर मॅडमची काळजीही मिटते. हे बसेपर्यंत निदान कुलूप एकच असावं, त्याची चावी लाल पट्टी लावून गेटच्या आतल्या बाजूला असावी आणि रात्रपाळीचा माणूस आतच असावा. चावी ऑफिसात आणि ऑफिसला कुलूप, असं मी पाहिलेलं आहे. खिडक्यांच्या ग्रिलमध्ये प्रत्येक मजल्यावर आतून उघडणारी एक तरी झडप हवी.

आणखी एक मागा: बी फॉर्म. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 प्रमाणे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत आहे, असं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र मालकाने किंवा भोगवटादाराने दर जानेवारीत आणि जुलैत अग्निशमन विभागाला द्यायचं असतं. "मागच्या वेळचा बी फॉर्म बघायला मिळेल का?" एवढं नम्रपणे विचारा. ज्यांचं काम चोख आहे ते लगेच काढून दाखवतात.

मुलीला एवढं सांगून ठेवा. कॉरिडॉर धुराने भरला असेल आणि दाराचा हँडल गरम लागत असेल तर दार उघडायचं नाही. ओला टॉवेल फटीत कोंबायचा, खिडकीशी जाऊन हाक द्यायची, 112 किंवा 101 ला फोन करून खोली नंबर सांगायचा. वाट मोकळी असेल तर वाकून, जमिनीलगत राहून निघायचं, कारण गरम धूर वर चढतो आणि श्वास घेण्याजोगी हवा खाली उरते. बाहेर पडताना दार ओढून घ्यायचं. सामानासाठी परत फिरायचं नाही.

मी एमएस्सीला आहे, व्हीलचेअर वापरतो. माझी लॅब तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्टजवळ पाटी आहे, आगीच्या वेळी लिफ्ट वापरू नये. मग मी काय करायचं, हे विचारलं तर सगळे म्हणतात, आम्ही आहोत ना!
(विद्यार्थी, पाथर्डी फाटा)

मित्रा, "आम्ही आहोत ना" म्हणणारे मनापासून म्हणतात, पण त्यातला नेमका कोण, हे ठरलेलं नसलं तर त्या वेळी प्रत्येकाला वाटतं दुसरा गेला असेल. नावं ठरव. प्रत्येक तासाला वर्गात असणारे दोघे, आणि ते गैरहजर असतील तेव्हाचे आणखी दोघे.

पण सगळ्यात आधी विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे, की माझी प्रात्यक्षिकं तळमजल्यावर घ्या. हा हक्क आहे, उपकार नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 8 मध्ये संकटाच्या वेळी समान संरक्षणाची तरतूद आहे. फ्यूम हूड (विषारी वाफा ओढून बाहेर टाकणारं कपाट) वरच आहे, उपकरण हलत नाही, अशी कारणं येतील. काही खरीही असतील. तेव्हा निदान ज्या प्रात्यक्षिकांना त्यांची गरज नाही ती तरी खाली आणता येतात.

वरच असताना आग लागली तर जिन्याच्या लँडिंगवर, जिथे कॉरिडॉर आणि जिना यांच्यामध्ये दार आहे अशा ठिकाणी जायचं, दार लावून घ्यायचं. एक मित्र तुझ्याजवळ थांबेल, दुसरा खाली जाऊन गेटवर सांगेल: "तिसरा मजला, पूर्वेचा जिना, व्हीलचेअर, दोघं जण." आमची गाडी आली की अधिकारी सगळ्यात आधी विचारतो, आत कोण राहिलंय आणि कुठे? त्याचं उत्तर देणारा माणूस गेटवर असला की पथक थेट तुझ्यापर्यंत येतं. नसला तर खोली न् खोली शोधावी लागते.

धूर लँडिंगपर्यंत येऊ लागला आणि पथक अजून पोचलेलं नसेल, तर उचलून खाली आणावं लागेल. कसं उचलायचं ते तूच शिकव. कंबर, पाठ, पाय, कुठे धरलं तर दुखतं, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत नाही. कोरड्या दिवशी, शांतपणे, एका मजल्याची तालीम करा. मोटारची खुर्ची असेल तर ती वरच सोडायची, तिच्या वजनाने सगळे पडतील. पायऱ्यांवरून सरकत उतरणारी इव्हॅक्युएशन चेअर मिळते, ती कॉलेजने घ्यावी, असंही त्याच अर्जात लिही. तुमच्याकडे कुणाला ऐकू येत नसेल तर घंटेबरोबर लुकलुकणारा दिवाही माग. तुझ्या अर्जाने त्यांचंही काम होईल.

रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी परिचर आहे. भिंतीवर लाल सिलिंडर आहे, पण हात लावायचा की नाही कळत नाही. आम्ही शिपाई माणसं, काही बिघडलं तर आमच्यावरच येतं.
(प्रयोगशाळा परिचर, सातपूर)

दादा, लॅबमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंत असणारे तुम्हीच. गॅसचा मेन व्हॉल्व्ह कुठे आहे, कुठल्या कपाटात काय आहे, हे तुम्हाला अंधारातही सांगता येईल. तेव्हा सिलिंडर तुम्हाला आला पाहिजे. एचओडी सरांकडे मागणी करा की दरवर्षी एक जुना सिलिंडर, रिफिलला देण्याआधी, मोकळ्या मैदानात तुमच्या हातून रिकामा करून घ्यावा.

महिन्यातून एकदा बघा: काटा हिरव्यात आहे का, पिन आणि सील शाबूत आहे का, नळी तडकलेली नाही ना. पावडरचा असेल तर उलटा-सुलटा करून हलवा, पावडर तळाशी घट्ट बसते. वापरताना पाठ दाराकडे ठेवा, म्हणजे वाट मागे मोकळी राहते. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या टोकावर न धरता बुडाशी धरा, दांडा दाबा आणि डावी-उजवीकडे फिरवा. त्यातली पावडर काही सेकंदांतच संपते. एका सिलिंडरने विझली नाही तर दुसरा शोधत बसू नका. व्हॉल्व्ह बंद करा, मुलांना बाहेर काढा, दार ओढून घ्या.

सोडियम पेटला तर पाणी नाही आणि कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडरही नाही. कोरडी वाळू. ती बादली दर पावसाळ्यात तपासा, नाशिकच्या ओलीत वाळू दमट होते आणि दमट वाळू सोडियमवर टाकणं धोक्याचं. कुणाचे कपडे पेटले तर त्याला धावू देऊ नका, आडवं पाडून लोळवा, फायर ब्लँकेट गुंडाळा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं नळाचं साधं पाणी. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही नको. डोळ्यात ॲसिड गेलं तर निदान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा उघडा धरा, आणि तोवर दुसऱ्या कुणाला तरी 108 लावायला सांगा.

आम्ही एमपीएससीची मुलं तळघरातल्या अभ्यासिकेत बसतो. जिना एकच, दाराला बोटाचा ठसा लागतो. पावसाळ्यात पायऱ्यांवरून पाणी येतं. मालक म्हणतात, मोटार आहे.
(कॉलेज रोड परिसर)

जागा बदला. फी बुडाली तरी बदला. 27 जुलै 2024 ला दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगरमध्ये स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या तळघरातल्या वाचनालयात पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी गेले. तीही तुमच्यासारखीच, घर सोडून अभ्यासाला आलेली मुलं होती. आगीचंही तेच. 24 मे 2019 ला सुरतच्या एका संकुलातल्या क्लासमध्ये 22 मुलं गेली, खाली उतरता येईना म्हणून कित्येकांनी वरून उड्या टाकल्या.

वीज गेली की मोटार बंद, हे मालकांना सांगा. तुम्ही तिथे असेपर्यंत एक गोष्ट आजच करून बघा: मेन स्विच बंद करायला लावा आणि दार आतून आपोआप सुटतं का ते पाहा. सुटत नसेल तर ते कुलूप त्याच दिवशी काढायला लावा. आणि पायऱ्यांवरून पाणी वाहू लागलं की पुस्तकं आवरत बसू नका, लगेच वर या. दारापलीकडे गुडघाभर पाणी साचलं की ते दार एकट्याला ढकलत नाही.

आमचं कॅम्पस गंगापूर धरणाकडच्या बाजूला आहे. बिबट्या दिसल्याचे मेसेज येतात, मुलं व्हिडिओ काढायला धावतात. गार्डने काय करावं?
(सुरक्षा पर्यवेक्षक)

इथे नियम उलटा: बाहेर काढायचं नाही, आत ठेवायचं. इमारतींची दारं लावा, स्पीकरवरून "जिथे आहात तिथेच थांबा" असं सांगा, वन विभागाच्या 1926 वर आणि 112 वर कळवा. त्याला जायला वाट मोकळी सोडा. गर्दी, बॅटरीचे झोत, दगड यांनी बिथरून तो अंगावर येऊ शकतो. मेसचं खरकटं उघड्यावर टाकणं बंद करा, त्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या.

रासेयोतर्फे (राष्ट्रीय सेवा योजना) आम्ही दरवर्षी मॉक ड्रिल घेतो. मुलं हसत-खिदळत बाहेर येतात, फोटो निघतो, अहवाल जातो. याला अर्थ कसा आणावा?
(कार्यक्रम अधिकारी, सिन्नर)

सर, मुलं हसतात कारण त्यांच्याकडे काम नसतं. प्रत्येक वर्गातल्या दोघांना काम द्या: एक शेवटी निघून स्वच्छतागृह बघेल, दुसरा मैदानात हजेरी घेईल. बाहेर किती आले यापेक्षा कोण आलं नाही, हे किती वेळात कळलं ते लिहा. दुसऱ्या वेळी, कुणाला न सांगता, एका जिन्यावर माणूस उभा करून तो "बंद" ठेवा. तिसऱ्या वेळी वसतिगृहात रात्री घ्या, फक्त रेक्टर आणि गार्डला सांगून.

इशारे दोन वेगळे ठेवा, "बाहेर या" आणि "आतच थांबा", आणि ते घंटेने नाही तर माणसाच्या आवाजात, मराठीत द्या. भूकंपाचीही तालीम करा. दिंडोरी, पेठ, कळवणकडे अधूनमधून धक्के बसतात, नाशिकच्या मेरीतल्या (महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था) वेधशाळेत त्यांची नोंद होते. हादरे बसत असताना जिन्याकडे धावायचं नाही. बाकाखाली शिरून बाकाचा पाय धरायचा, ग्रंथालयात रॅकपासून लांब व्हायचं, हादरे थांबल्यावर चालत बाहेर यायचं. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत माती-दगडाची घरं झोपलेल्यांवर कोसळली, म्हणून आपल्याकडे "आधी बाहेर पळा" हेच मनात बसलंय. काँक्रीटच्या कॉलेजात हादऱ्याच्या वेळी चेंगराचेंगरी होते ती जिन्यावर.

आणि ड्रिलच्या दिवशी मागचं गेटही उघडून बघा. बऱ्याच कॅम्पसमध्ये त्याच्यासमोर दुचाक्यांची रांग असते आणि बंब वळायला जागा नसते. ड्रिल जानेवारीत, बी फॉर्मसाठी एजन्सीची माणसं येतात त्याच आठवड्यात लावा. अलार्म त्यांच्याकडूनच वाजवून घ्या आणि एका मुलाला सगळ्यात टोकाच्या खोलीत, पंखा चालू ठेवून, दार लावून बसवा. त्याला ऐकू आला नाही तर एजन्सीला तिथल्या तिथे दाखवता येईल.