‘सोलापुरात कुठला आलाय भूकंप?’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

एप्रिल 2025 मध्ये सांगोला परिसरात 2.6 रिश्टरचा धक्का नोंदला गेला. भांडंसुद्धा पडलं नाही, पण तेव्हापासून माझ्याकडे प्रश्न येतच आहेत आणि त्यातले निम्मे एकाच गैरसमजातून आलेले आहेत. आपल्याकडे भूकंप होत नाही, असं अजूनही माणसं धरून चालतात. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, त्यामुळे जमिनीपेक्षा घराबद्दल जास्त बोलणार. भूकंप क्वचितच माणूस मारतो, मारतं ते घर.

प्रश्न : आमच्या घरात खाली यंत्रमाग आहेत, भिंती कायम थरथरतात. भूकंप झाला तर ओळखायचा कसा? (साखर पेठ)

मागाची थरथर एकसुरी असते, माग बंद केला की थांबते. भूकंपात आधी गडगड किंवा एक झटका येतो, मग हेलकावे येतात आणि बहुतेक वेळा काही सेकंदांत सगळं संपतं. शंका आली तर राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या ‘भूकंप’ ॲपवर नोंद पाहा. पण मागामुळे भिंतीला भेगा पडत असतील, तर तो वेगळा आजार आहे. त्यासाठी इंजिनिअरला घरी बोलवा.

प्रश्न : धक्क्याच्या आधी जमिनीतून ढग गडगडल्यासारखा आवाज आला. खाली ज्वालामुखी जागा होतोय का? (सांगोला)

नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच निवला. आपल्याकडचे छोटे भूकंप फार खोल नसतात. त्यांच्या पहिल्या लहरी कातळातून वर येऊन हवेला ढकलतात, तोच आवाज तुम्ही ऐकला. असे आवाज वारंवार यायला लागले तर तारीख आणि वेळ वहीत लिहून ठेवा आणि तहसील कार्यालयात कळवा.

प्रश्न : छोटे धक्के बसले की जमिनीतली ऊर्जा निघून जाते, मग मोठा भूकंप येत नाही, असं ऐकलं. खरं का? (मंगळवेढा)

कुणाकडून ऐकलं, ते मला कळवा. हिशेब साधा आहे. रिश्टरचा एक अंक वाढला की ऊर्जा सुमारे 32 पट होते. म्हणजे किल्लारीसारख्या 6.2 च्या भूकंपात 2.6 च्या अडीच लाख पट ऊर्जा असते. अडीच लाख छोटे धक्के बसून ‘निचरा’ होईल, असं धरून कुणी बसू नये. किल्लारीत 1992 च्या पावसाळ्यापासून छोटे धक्के आणि आवाज सुरू होते. माणसं घाबरली, मग सरावली, आणि 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे चारच्या सुमारास मोठा धक्का आला. याचा अर्थ प्रत्येक छोट्या धक्क्यामागून मोठा येतो असा नाही. बहुतेक वेळा काहीच येत नाही. पण छोटा धक्का म्हणजे दिलासाही नाही. त्या दिवसांत घर तपासून घ्यावं, एवढाच त्याचा उपयोग.

प्रश्न : ‘आज रात्री साडेतीनला भूकंप, नासाचा इशारा’ असा मेसेज आला. बायकामुलांना घेऊन मैदानात झोपलो. असे इशारे खरे असतात का? (विडी घरकुल)

नसतात. दिवस आणि वेळ सांगून भूकंप वर्तवणं आज जगात कुणालाही जमत नाही. धक्का सुरू झाल्यावर लांबच्या गावाला काही सेकंद आधी फोनवर सूचना मिळू शकते, ते वेगळं. मेसेज पुढे पाठवू नका.

प्रश्न : आपण काळ्या कातळावर बसलोय, त्यामुळे सोलापूर सुरक्षित आहे, असं वडील सांगायचे. (होटगी रोड)

वडिलांच्या काळात तज्ज्ञही हेच सांगत होते, म्हणून त्यांना दोष नाही. पण किल्लारीही याच कातळावर आहे. तिथे या दगडाचा थर तीनशे मीटरपेक्षा जाड आहे. भूकंप झाला तो त्याच्याही खालच्या, कितीतरी जुन्या खडकातल्या भेगेवर. त्याआधीच्या सरकारी नकाशात किल्लारी सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या क्षेत्रात होती. कोयनेला 11 डिसेंबर 1967 रोजी हादरा बसला, तोही याच कातळाच्या प्रदेशात. किल्लारी सोलापूरपासून सरळ रेषेत ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर आहे. इथला जुना, टणक खडक लहरी फारशा जिरवत नाही, म्हणून धक्का लांबवर जाणवतो. भारतीय मानक 1893, म्हणजे भूकंपाचा विचार करून बांधकाम कसं करायचं याची संहिता, तिच्या 2002 आणि 2016 च्या नकाशांत सोलापूर तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहे. पाया कातळावर किंवा चांगल्या मुरमावर असणं काळ्या मातीपेक्षा चांगलंच, पण पाया चांगला असला म्हणून वरची कच्ची भिंत पक्की होत नाही.

प्रश्न : पेठेत आमचं शंभर वर्षांचं घर आहे. दगड-मातीच्या दोन फुटी भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, होतं. गळायला लागलं म्हणून गवंड्याच्या सल्ल्याने लाकडी खांब आणि माळवद काढलं, त्याच भिंतींवर स्लॅब टाकला. आता वर मुलासाठी मजला चढवायचा आहे. भिंती एवढ्या जाड आहेत, चालेल ना? (शुक्रवार पेठ)

चालणार नाही. मजल्याचा विचार आज सोडा. हा प्रश्न मला वर्षातून दहा वेळा येतो, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

किल्लारीनंतर काही दिवसांनी मी सास्तूरच्या बाजूला गेलो होतो, तेव्हा नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलो होतो. एका घराचं चित्र अजून डोळ्यांसमोर आहे. चारही भिंती ढासळून दगडांचा ढीग झालेला, आणि त्या ढिगातून सागवानी खांब सरळ उभे, त्यांवर तुळया, तुळयांवर माळवद अजून टेकलेलं. भिंत गेली तरी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, उभा होता. ते घर बांधणाऱ्याने छताचं ओझं खांबांवर दिलं होतं, भिंत होती ती आडोशाला.

तुमच्या गवंड्याने नेमके तेच खांब काढले. माळवद हलकं नव्हतं, हे खरं. दहा बाय बाराच्या खोलीवर एक फूट माती असेल तर ती पाच टनांच्या वर भरते, आणि गळती थांबावी म्हणून दरवर्षी पावसाळ्याआधी वर पांढरी माती टाकत गेलं की ओझं वाढतच जातं. पाच इंची स्लॅब त्या मानाने हलका पडतो, असं कुणी तुम्हाला सांगितलं असेल. पण ते ओझं आता खांबांवर नाही, मातीत रचलेल्या दगडांवर आहे.

आणि ती भिंत जाड दिसते, पण एकजीव नाही. बाहेरच्या अंगाला घडीव दगडाचा एक पदर, आतल्या अंगाला दुसरा, मध्ये कपच्या आणि माती. दोन्ही पदरांना आरपार जोडणारा लांब दगड जुन्या चांगल्या कामात सापडतो, बहुतेक ठिकाणी नसतो. हादरा बसला की मधली माती खाली बसते, पदर एकमेकांपासून सुटतात, बाहेरचा रस्त्यावर पडतो आणि आतला झोपलेल्या माणसावर. जाडी वाढली की पडणारं वजनच वाढतं.

आज संध्याकाळी एक करा. भिंतीच्या वरच्या टोकापासून ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडा आणि दोरी ते भिंत हे अंतर वर, मध्ये आणि खाली मोजा. मध्ये अंतर कमी होत असेल तर भिंतीला पोट सुटलंय. कोपऱ्यात दोन भिंती जिथे मिळतात तिथे उभी भेग आहे का, तेही बघा. यातलं काहीही दिसलं तर त्या खोलीत कुणाला झोपवू नका. काही दिसलं नाही तरी भिंत चांगली आहे असं समजू नका.

उपाय आहेत, आणि ते किल्लारीनंतर मराठवाड्यात प्रत्यक्ष वापरले गेले. ठरावीक अंतरावर एकेक दगड काढून भिंतीच्या आरपार सळई घातलेल्या काँक्रीटच्या खुंट्या बसवायच्या. छताखाली चारही भिंतींना बांधून ठेवणारा पट्टा द्यायचा. ज्यांच्याकडे खांब अजून आहेत त्यांनी ते अजिबात काढू नयेत, खांब आणि तुळईच्या सांध्यात तिरपे आधार द्यावेत आणि माळवदावरची जादा माती उतरवावी. पण दगड कुठला काढायचा, आधी टेकू कुठे द्यायचा, हे गवंड्याने अंदाजाने ठरवायचं काम नाही. चुकलं तर भूकंपाची वाटही बघावी लागणार नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून प्रत्यक्ष पाहणी करून लेखी अहवाल घ्या. खर्चाची अडचण असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्थापत्य विभागात चौकशी करा. आणि ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणू नका. माझ्याकडे अशी तीन घरं आहेत ज्यांची दिवाळी गेली सहा वर्षं झाली नाही.

प्रश्न : दुकानदार म्हणतो, भूकंपरोधक सळई घेतली की घर भूकंपरोधक होतं. किलोमागे पैसे जास्त आहेत. घ्यावी का? (जुळे सोलापूर)

सळईवर ‘500 डी’ लिहिलेलं असतं, त्यातला डी म्हणजे ती तुटण्याआधी जास्त ताणली जाते. चांगली आहे, जरूर घ्या. पण सळई विकत घेऊन घर भूकंपरोधक होत नाही, आणि असं सांगून माल खपवणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधलेल्या आडव्या कड्या, बघा. रिंगेची टोकं नुसती काटकोनात वाकवलेली असतील तर हादऱ्यात ती उघडतात आणि आतलं काँक्रीट बाहेर सांडतं. टोक 135 अंशांत वळवून कॉलमच्या पोटात गेलेलं हवं. बीम आणि कॉलमच्या सांध्याजवळ रिंगा जवळजवळ हव्यात, आणि नेमक्या तिथेच सळया वाकवून बांधणारा बारबेंडर त्या गाळतो, कारण बांधायला अवघड जातं. काँक्रीट ओतण्याच्या आदल्या दिवशी साइटवर जा, मोबाइलवर फोटो काढा आणि डिझाइन करणाऱ्या इंजिनिअरला पाठवा. एका रिंगेचा फोटो दुकानदाराच्या दहा माहितीपत्रकांपेक्षा जास्त सांगतो.

खाली पूर्ण मोकळं पार्किंग आणि वर चार मजले असा फ्लॅट घेत असाल तर तळमजल्याच्या कॉलमचं डिझाइन वेगळं केलंय का, हे लेखी मागा. 26 जानेवारी 2001 ला भूजपासून दोनशे किलोमीटरहून लांब अहमदाबादेत अशा इमारती कोसळल्या. ‘इथे कधी होत नाही’ असंच तिथेही म्हणत होते. बिल्डर कागद द्यायला टाळाटाळ करत असेल तर टोकन देऊ नका, आधी स्वतःच्या इंजिनिअरला विचारा.

प्रश्न : धक्का बसला तर पळायचं की टेबलाखाली बसायचं? (बार्शी)

काँक्रीटच्या इमारतीत असाल तर भक्कम टेबलाखाली बसा, डोकं झाका, टेबलाचा पाय धरून ठेवा. जिना आणि लिफ्टकडे धावू नका. दगड-मातीच्या घरात तळमजल्यावर दार दोन-चार पावलांवर असेल आणि बाहेर मोकळं अंगण असेल तर बाहेर पडा. पेठेतल्या बोळात मात्र धावू नका, दोन्ही बाजूंच्या भिंती बोळातच पडतात. तुमच्या घरात कोणती जागा बरी, ते पाहणीला आलेल्या इंजिनिअरलाच विचारून ठेवा. हादरा थांबल्यावर गॅसची शेगडी आणि रेग्युलेटर बंद करा, आणि तपासणी होईपर्यंत भेगा पडलेल्या घरात परत जाऊ नका.

प्रश्न : उजनीच्या पाण्यामुळे सोलापुरात भूकंप होईल का? (टेंभुर्णी)

कोयनेचे भूकंप जलाशयाशी जोडलेले आहेत, हे जगभर मान्य आहे. म्हणून प्रत्येक धरणाखाली तेच घडतं असं नाही.

प्रश्न : घराच्या विम्यात भूकंप येतो का? (विजापूर रोड)

2021 पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसीत येतो. जुन्या दगड-मातीच्या घराला लागू होतं का, हे सही करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या.

प्रश्न : वडील मूळचे उमरगा तालुक्यातले. किल्लारीच्या भूकंपात त्यांचा भाऊ गेला. ते अजूनही खोलीत झोपत नाहीत, थंडीतही अंगणात बाज टाकतात. सांगोल्याच्या बातमीनंतर त्यांची झोपच उडाली आहे. त्यांना कसं समजवावं? (अक्कलकोट रोड)

समजावण्याने हे जात नाही. इतक्या वर्षांनीही झोप उडत असेल तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, त्यात कमीपणा नाही. त्या गावांतल्या कितीतरी माणसांना हा त्रास आहे. तोवर त्यांना जबरदस्तीने आत झोपवू नका, आणि त्यांच्यासमोर व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ लावू नका. तुमचं घर कशाचं बांधलेलं आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. दगड-मातीचं असेल तर या आठवड्यात पाहणी करून घ्या. त्या रात्री भिंत पडताना त्यांनी पाहिली आहे, त्यामुळे घराबद्दल त्यांचं म्हणणं बरोबर असू शकतं. इंजिनिअर येईल तेव्हा त्यांनाही बरोबर घेऊन फिरा.