ज्यांचे ग्रंथ उरले नाहीत, त्यांची मते उरली कशी?

प्रश्न : सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांत मिळालेल्या तत्त्वज्ञानाच्या एका इतिहासात थेलीस, अनाक्झिमँडर, हेराक्लिटस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञांची मते ठामपणे दिली आहेत, पण त्यांचा एकही ग्रंथ आज पूर्ण उपलब्ध नाही. मग ही मते आली कोठून आणि ती कितपत खरी मानावीत?
— एक वाचक, धंतोली, नागपूर

उत्तर : ती आली मतसंग्राहकांकडून. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने निसर्गचिंतकांची मते विषयवार संकलित केली; तो ग्रंथही बहुतांशी हरवला, पण त्याचे सारांश आणि सारांशांचे सारांश होत राहिले. प्लुटार्क या ग्रीक लेखकाच्या नावावर चालत आलेला एक संग्रह आणि स्टोबियस या नंतरच्या संग्राहकाचे संकलन यांत वाक्येच्या वाक्ये जुळतात, हे हर्मान डील्स या जर्मन पंडिताने १८७९ मध्ये दोन्ही पाठ शेजारीशेजारी छापून दाखवले आणि दोहोंमागे एटियस नावाचा एकच संग्राहक असल्याचे मांडले.

या प्रवासात मजकूर कसा बदलतो, ते थेलीसच्या बाबतीत दिसते. सर्वांचे मूळ पाणी, हे मत त्याने कशावरून बनवले असावे, याचा ॲरिस्टॉटल केवळ तर्क करतो आणि तसे सांगताना ‘कदाचित’ हा शब्द घालतो. एटियसच्या परंपरेत तो शब्द गळतो आणि ती कारणे थेट थेलीसचीच होऊन बसतात.

विरोधकांनीही पुष्कळ राखले. चार्वाकांचे मत आपण ‘सर्वदर्शनसंग्रह’ या वेदान्त्याने लिहिलेल्या ग्रंथातून वाचतो. तसेच तिसऱ्या शतकातील ख्रिस्ती लेखक हिप्पोलिटस याने पाखंडाचे खंडन करताना हेराक्लिटसची कितीतरी वचने उतरवून ठेवली.

माझा सर्वाधिक विश्वास मात्र इसवी सनाच्या सहाव्या शतकातील सिम्प्लिसियस या ॲरिस्टॉटलच्या भाष्यकारावर आहे. वस्तू आपल्या अन्यायाची भरपाई काळाच्या क्रमाने एकमेकींना करतात, हे अनाक्झिमँडरचे मत देऊन तो लगेच नोंदवतो, की हे शब्द जरा काव्यमय आहेत. एवढ्या शेऱ्यावरून कळते, की निदान काही शब्द त्याच्याही हजार वर्षे आधीच्या मूळ लेखकाचेच आहेत. पार्मेनिडीस या प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञाच्या काव्याच्या ओळी तर तो लांबलचक उतरवतो आणि कारणही सांगतो : हे पुस्तक आता दुर्मिळ झाले आहे.