‘पाणी कमी पिते, म्हणजे उठावं लागत नाही’

कामगार-आरोग्य : प्रश्नोत्तरे

या वेळच्या पत्रांमध्ये एक शब्द फार वेळा आलाय : निष्काळजीपणा. मुकादम म्हणतो, बायका अंगावर दुखणं काढतात. सुपरवायझर म्हणतो, पोरं पाणी पीत नाहीत. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणतात, त्या माणसाला सवय आहे. मी इतकी वर्षं कामगारांना तपासतोय. निष्काळजी माणसं भेटली, नाही असं नाही, पण ती बोटांवर मोजण्याइतकी. बाकीच्यांच्या बाबतीत काम ज्या रीतीने लावलेलं होतं, त्या रीतीतच दुखणं होतं. म्हणून उत्तरं देताना मी आधी काम कसं चालतं ते विचारणार आहे.

आई-वडील ऊसतोडीला जातात. आईचं वय ३६. ओटीपोटात दुखतं, अंगावरून पांढरं जातं, लघवीला जळजळ होते. तालुक्याच्या खासगी दवाखान्यात सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर पुढे कॅन्सर होईल. आई म्हणते, काढूनच टाकू, दर हंगामात खाडे पडतात. मी बारावीला आहे. काय करू?
— एक वाचक, धारूर तालुका, जि. बीड

बाळा, आधी सरळ उत्तर. नुसतं एवढ्यावर पिशवी काढायची नाही. तू लिहिलेली तिन्ही लक्षणं बहुतेक वेळा जंतुसंसर्गाची असतात आणि गोळ्यांनी बरी होतात. पांढरं जातं म्हणून कॅन्सर होतो, हे खरं नाही. आईला जिल्हा किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्त्रीरोग विभागात घेऊन जा. लघवीची तपासणी, पिशवीच्या तोंडाची तपासणी आणि सोनोग्राफी, एवढं झाल्याशिवाय ऑपरेशनची भाषा कुणी करू नये. संसर्ग निघाला तर वडिलांनाही औषध लागू शकतं, ते विचारून घे. नाहीतर आई बरी होते आणि महिन्याभरात पुन्हा तेच. पिशवी खरंच काढावी लागते ती औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी आणि अति रक्तस्राव, पिशवी बाहेर येणं किंवा कॅन्सरचं निदान झालेलं असणं, अशा वेळी.

आता आईला एक प्रश्न विचार : फडात दिवसभरात पाणी किती पितेस? मला बहुतेक जणींकडून एकच उत्तर मिळत आलंय. कमी पिते, म्हणजे उठावं लागत नाही. जायचं कुठे? उभा ऊस हाच आडोसा, आणि तोच तोडायचा असतो. दुपारपर्यंत फड मोकळा होतो आणि आजूबाजूला नुसतं पाचट. मग लघवी तुंबवायची, पाळीचं कापड सकाळपासून रात्रीपर्यंत तेच. कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. या सगळ्यात लघवीच्या जागेला संसर्ग झाला नाही तरच नवल. त्यात पहाटे तीन-चारला उठून भाकरी थापायच्या, दिवसभर वाकून तोडायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं, आणि गाडी रात्री आली तर रात्री भरायचं. कंबर आणि ओटीपोट दुखायला याहून वेगळं कारण शोधायची गरज नाही.

आईचं ‘खाडे पडतात’ हे म्हणणं मात्र तू हसण्यावारी नेऊ नकोस. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर-जोडी, आणि उचल, म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम, दोघांच्या नावावर एकत्र. एकीने दोन दिवस बसायचं म्हणजे मजुरी तर जातेच, वर मुकादमाचा दंड. कागदावर सगळे हे मान्य करत नाहीत, पण फडात हेच चालतं. अशा हिशेबात दर महिन्याची पाळी हा तोटा ठरतो आणि पिशवी काढणं ही बचत वाटते. २०१९ साली हे प्रकरण देशभर गाजलं. आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. तेव्हा त्या दवाखान्यात जाऊन शांतपणे विचार, ‘परवानगीचा कागद कुठे आहे?’ या एका प्रश्नाने बऱ्याच तारखा पुढे ढकलल्या जातात.

आणि ज्या बचतीसाठी हे करायचं, तीही होत नाही. ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे ओझं उचलायचं नसतं. उचल फेडायची असते म्हणून बाया त्याआधीच मोळी उचलतात. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली, तर छत्तिसाव्या वर्षीच पाळी जाण्याचे सगळे त्रास सुरू होतात, हाडं ठिसूळ व्हायला लागतात. मग खाडे वाढतात, कमी होत नाहीत.

एक लांबची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याच फडासारखी आहे. मध्य अमेरिकेत निकाराग्वा आणि एल साल्वादोर या देशांत ऊस तोडणाऱ्या तरुण माणसांची मूत्रपिंडं निकामी व्हायला लागली. ना मधुमेह, ना रक्तदाब. तिथेही टनावर मजुरी, तिथेही तहान मारून कोयता चालवणं. मूळ कारणावर डॉक्टरांचे वाद अजून चालू आहेत, पण उन्हातले कष्ट आणि पाण्याची कमतरता यांचा त्यात हात आहे याबद्दल फारसं दुमत नाही. तिथल्या एका कारखान्याने फडातच पाणी, सावली आणि ठरलेल्या वेळी सक्तीची विश्रांती सुरू केली. मूत्रपिंडाला होणारी इजा कमी झाली, आणि तोड घटेल ही भीतीही खरी ठरली नाही.

त्यामुळे पुढच्या हंगामात उचल घेतानाच टोळीने मिळून दोन गोष्टी मुकादमाकडून कबूल करून घ्याव्यात. फडापर्यंत पाण्याची टाकी, आणि फड मोकळा होत जाईल तसा सरकवता येईल असा चार बांबू नि ताडपत्रीचा आडोसा. आडोशाला एका उचलीच्या मानाने खर्च काहीच येत नाही. उचल घेण्याआधी टोळीचा शब्द वजनदार असतो, घेतल्यावर नाही. आणि ग्रामपंचायतीत नोंद करून आई-वडील दोघांची स्वतंत्र ओळखपत्रं काढून घे, गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाकडे जाताना ती लागतात. आईचं नाव वडिलांच्या कार्डावर ‘पत्नी’ म्हणून नको. ती कामगार आहे.

मी बांधकामाच्या साईटवर सुपरवायझर आहे. गेल्या मे महिन्यात एक नवीन मुलगा स्लॅबवर कोसळला. वाचला. तो दरदरून घामाने भिजला होता, म्हणून आम्हाला ऊन लागलं असं वाटलंच नाही. यंदा काय करू? आमच्याकडे माठ आहेत, कांदेही वाटतो.
— एक वाचक, नागपूर

कांदा वाटा, हरकत नाही. खिशातल्या कांद्याने आजवर कुणाचं वाईट झालेलं नाही. फक्त तो दिल्यावर आपलं काम झालं असं समजू नका.

तुमच्या पत्रातला कळीचा शब्द ‘नवीन’ हा आहे. उष्माघाताचे बळी फार वेळा पहिल्या काही दिवसांत पडतात. शरीराला उन्हातल्या कष्टाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. तेवढ्यात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी जातं, हृदयावरचा ताण उतरतो. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पूर्ण पाळीच्या पाचव्या हिश्शाएवढंच द्या, आणि रोज तेवढंच वाढवत न्या. पाचव्या दिवशी तो सगळ्यांबरोबर. गावी लग्नाला जाऊन आठवड्याभराने परतलेल्या जुन्या गड्यालाही दोन-तीन दिवस सवलत हवी, कारण सवय मोडते. ठेकेदार म्हणेल, हजेरी पूर्ण आणि काम पाचवा हिस्सा? हो. उरलेला वेळ सावलीत सळई वाकवू दे, बांधायची तार कापू दे.

माठ कुठे आहेत हे तुम्ही लिहिलं नाही. तळमजल्यावर असतील तर सहाव्या मजल्यावरचा गवंडी पाण्यासाठी सहा मजले उतरणार नाही, आणि तुम्ही त्याला निष्काळजी म्हणाल. पाणी काम चालू असेल त्या मजल्यावर पाहिजे. दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहान लागायची वाट न बघता. तासाला दीड लिटरच्या वर मात्र नको, नुसतं पाणी ढोसल्यानेही रक्तातलं मीठ खाली येतं. जेवण नीट असेल तर मिठाच्या गोळ्यांची गरज नाही. ताक, पन्हं, लिंबू-मीठ-साखर उत्तम. स्लॅब भरायचा असेल तर पहाटे सुरू करा. दुपारी बारा ते चार उघड्यावरचं काम बंद ठेवा.

आता घामाबद्दल. ‘कातडी कोरडी आणि गरम’ हे लक्षण आपण शाळेपासून पाठ केलंय. ते घरात पडून असलेल्या म्हाताऱ्या माणसाला लागू पडतं. कष्ट करताना जो उष्माघात होतो त्यात माणूस घामाने निथळत असू शकतो. तुम्ही बघायचं ते डोकं : बरळतो का, लडखडतो का, उगाच चिडतो का, विचारलेल्याला भलतंच उत्तर देतो का. तसं दिसलं की १०८ला फोन, आणि गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. सावलीत आणा, जाड कपडे काढा, डोक्यापासून पायापर्यंत पाणी ओता, जोरात वारा घाला. साईटवर क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारायचा, पाईप असतोच, तोच धरा. बेशुद्ध किंवा बरळणाऱ्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, श्वासनलिकेत जातं. आधी गार करायचं, मग हलवायचं. उलट केलं तर रुग्णवाहिकेतली वीस मिनिटं मेंदूला महाग पडतात.

आमच्या सोसायटीची सेप्टिक टाकी तुंबली आहे. टँकरवाला जास्त पैसे मागतो. एक माणूस निम्म्यात आत उतरून साफ करायला तयार आहे, म्हणतो वीस वर्षांचा अनुभव आहे, आधी काडी पेटवून बघतो. सोसायटीची काही जबाबदारी येते का?
— सेक्रेटरी, एक गृहनिर्माण संस्था, ठाणे जिल्हा

येते, आणि तुरुंगापर्यंत येते. २०१३च्या कायद्याने कुणालाही गटारात किंवा सेप्टिक टाकीत संरक्षक साधनांशिवाय सफाईला उतरवणं हा गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो स्वतः तयार होता, हा बचाव नाही. ऑक्टोबर २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूंची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. टँकरच्या भाड्याशी ताडून बघा.

काडीबद्दल : टाकीत मिथेन असला तर काडीने स्फोट होतो. आणि जो वायू बहुतेकदा जीव घेतो, तो हायड्रोजन सल्फाइड, काडीने कळत नाही. सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच तो मारतो. वास गेला, म्हणजे वायू गेला असं वाटतं. तिथेच माणूस पडतो, आणि त्याला काढायला दुसरा उतरतो. आपण बातमी वाचतो तेव्हा मेलेले दोघे-तिघे असतात ते यामुळे. अशी वेळ आलीच तर कुणीही मागोमाग उतरू नका. अग्निशमन दलाला १०१वर बोलवा.

वीस वर्षांचा अनुभव म्हणजे वीस वर्षं तो वाचला, एवढंच. टँकर बोलवा.

कपाशीवर फवारणी करतो. रोजंदारी आहे. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, मळमळ होते. फवारणीनंतर दूध प्यायलं की विष उतरतं असं म्हणतात. खरं का?
— एक वाचक, यवतमाळ जिल्हा

नाही. दूध आवडत असेल तर प्या, विषाचा त्याच्याशी संबंध नाही. बरीच कीटकनाशकं कातडीतून आत जातात. २०१७ साली तुमच्याच जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली, शेकडो दवाखान्यात होती. तेव्हा कपाशी डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा वर धरावा लागत होता, तो अंगावरच पडत होता. म्हणून पहिला नियम मालकासाठी : छातीच्या वर गेलेल्या कपाशीत माणूस घालू नका. दुसरा, मिश्रण करू नका. दोन-तीन औषधं एकत्र केली की जोर वाढतो, तो अळीवरच वाढतो असं नाही.

तुमच्यासाठी : वाऱ्याकडे तोंड करून फवारू नका, पूर्ण बाह्यांचा सदरा घाला आणि तो संध्याकाळी लगेच धुवा. पाठीवरचा पंप गळत असेल तर त्या दिवशी काम नाही. ओली पाठ हाच विषाचा रस्ता. मधल्या वेळेत तंबाखू मळू नका, हात साबणाने धुतल्याशिवाय खर्ऱ्यालाही हात नको. मळमळ म्हणजे विष आत जातंय, काम थांबवा. तोंडाला लाळ सुटली, घाम, अंधुक दिसणं, अंगाला फडफड सुरू झाली तर कपडे काढा, अंग धुवा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा. औषधाची बाटली बरोबर न्या. लेबलवर नाव असतं, त्यावरून उतारा ठरतो. डबा उघडण्याआधी त्यावरचा त्रिकोण बघा : लाल सगळ्यांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. लाल असेल तर मालकाला दुसरं औषध आणायला सांगा.

यंत्रमागावर तेरा वर्षं आहे. घरी बायको म्हणते टीव्हीचा आवाज फार मोठा ठेवता. कानात कापूस घालतो, पुरतं का?
— एक वाचक, इचलकरंजी

कापसाने नुसतं समाधान होतं. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज कानाला अपायकारक आहे असं धरा, आणि मागाच्या शेडमध्ये तसंच असतं. फोमचे बूच वापरा : चुरगाळून बारीक करायचं, दुसऱ्या हाताने कानाचा वरचा भाग वर-मागे ओढून आत सरकवायचं, फुगेपर्यंत बोटाने धरायचं. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही, पण आहे ते टिकतं. याच महिन्यात कानाची ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकू किती येतं याची तपासणी, करून घ्या आणि तो कागद जपून ठेवा, पुढे भरपाईचा दावा करायची वेळ आली तर त्याच्याशीच ताडून बघतील. तपासणीच्या आदल्या दिवशी पाळी करू नका, शेडमधून थेट गेलात तर आकडे चुकतात.