एचपीव्ही लशीचे गणित: यात करिअर आहे का?

प्रश्न: मुलगी बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या एचपीव्ही या विषाणूवरील लसीकरणाच्या गणिती मॉडेलिंगमध्ये पुढे जायचे म्हणते. विषयामुळे घरी अवघडल्यासारखे होते. यात नोकरी मिळेल का? – एक आई, सातारा

ताई, गर्भाशयमुखाच्या कर्करोगांपैकी सुमारे ७० टक्के एचपीव्हीच्या १६ आणि १८ या दोन प्रकारांमुळे होतात. त्यामुळे अवघडलेपणा सोडून आधी काम काय असते ते बघूया.

समजा, लस पूर्ण लागू पडते आणि एक बाधित स्त्री सरासरी १.५ पुरुषांना, एक बाधित पुरुष १.५ स्त्रियांना संसर्ग देतो. म्हणजे एका स्त्रीकडून पुरुषांमार्फत पुन्हा १.५ × १.५ = २.२५ स्त्रियांपर्यंत संसर्ग पोहोचतो; हा आकडा एकाच्या खाली आला की साखळी तुटते. १००० मुली, १००० मुलगे. फक्त मुलींना लस दिली तर साखळी तुटायला ५५६ डोस पुरतात. दोघांना सारखी वाटली तर ३३४ अधिक ३३४, म्हणजे ६६८! पण मुलींचे लसीकरण ४० टक्क्यांवरच अडले, तर २६ टक्के मुलग्यांनाही द्यावी लागते. शिवाय पुरुषांशीच संबंध ठेवणाऱ्या पुरुषांना मुलींच्या लशीचा आडोसा मिळत नाही. हे आकडे तिने स्वतः काढून पाहावेत. कंटाळा आला तर वेळीच कळेल.

समीकरणे सोपी असतात, घोळ माहितीत होतो. सर्वेक्षणात पुरुष आपल्या जोडीदारांची संख्या जास्त सांगतात, स्त्रिया कमी. खरे तर दोन्हीकडची बेरीज जुळायलाच हवी. ती जुळवून घेतली नाही तर मॉडेलमध्ये एका बाजूचा प्रसार उगाच फुगतो. दुसरी चूक सरासरीची. मोजक्यांचेच जोडीदार खूप असतात. सगळ्यांना सरासरीत बसवले की प्रसार कमी दिसतो आणि लशीचा अंदाज फसवा निघतो.

स्टॅटिस्टिक्सच्या पदवीत डिफरन्शियल इक्वेशन्स (काळानुसार होणारा बदल मांडणारी समीकरणे, अशी मॉडेल्स त्यांवरच उभी असतात) बहुधा तोंडओळखीपुरतीच असतात. ती आणि ‘आर’ ही आकडेमोडीची संगणकभाषा याच वर्षी पक्की करावीत. पुढे ‘जॅम’ ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत, नाहीतर त्यांच्या त्यांच्या प्रवेश प्रक्रियेने पुणे विद्यापीठात किंवा मुंबईत देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेत एमएस्सी.

नोकरीचे स्पष्ट सांगतो: कायम जागा थोड्या. संशोधन संस्थांत बहुतेक जागा प्रकल्पापुरत्या असतात आणि पीएचडीशिवाय स्वतंत्र काम क्वचित मिळते. पगाराची घाई असेल तर औषध कंपन्यांतले बायोस्टॅटिस्टिक्स, म्हणजे औषधांच्या चाचण्यांचे संख्याशास्त्र, बरे. त्यासाठी ‘सॅस’ हे सॉफ्टवेअरही शिकावे.

प्रोजेक्टला विषय हवा असेल तर लशीचा एकच डोस पुरेल का, हा घ्यावा. २००९ मध्ये भारतात सुरू झालेल्या ज्या चाचणीतून एका डोसच्या परिणामाची माहिती मिळाली, तिचे एक केंद्र बार्शीत होते. संरक्षण १० वर्षे, २० वर्षे किंवा आयुष्यभर टिकले तर काय फरक पडतो, हे तिने तीनदा मॉडेल चालवून दाखवावे. मुलाखतीला तेच घेऊन जावे.