डिसॅबिलिटी आणि राजकीय सिद्धांत: सुरुवात कुठून करायची

या विषयाकडे वळलास हे खूप छान केलंस. फक्त सगळं एकदम वाचायला जाऊ नकोस, आधी अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स घे. समाजाचे न्याय्य नियम ठरवायला माणसं एकत्र बसून करार करतायत अशी तो कल्पना करतो. त्या करारात बसलेली माणसं आयुष्यभर समाजाला पूर्ण सहकार्य करू शकणारी धरलीयेत, अपंगत्वाचा प्रश्न नंतर बघू म्हणतो, आणि हे नंतर म्हणजे मूळ तत्त्वं ठरून झाल्यावर! ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना ठरवताना धरलेलंच नाही. माझ्या मते खरा वाद इथेच आहे. मग तत्त्वज्ञ मार्था नुसबॉमचं २००६ चं पुस्तक (Frontiers of Justice) वाच, ती नेमकं यावरच बोट ठेवते.

नवीन लोकांच्या हमखास चुका:

- इम्पेअरमेंट आणि डिसॅबिलिटी एकच समजणं. १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी स्वतःच हे वेगळं केलं, पाय चालत नाहीत ही एक गोष्ट (इम्पेअरमेंट), इमारतीला फक्त जिनाच ठेवलाय ही दुसरी (डिसॅबिलिटी).
- सोशल मॉडेलमध्ये, म्हणजे अडचण शरीरात नाही तर समाजाच्या रचनेत आहे या मांडणीत, सगळी उत्तरं मिळतात असं धरणं. वेदना, थकवा रॅम्प बांधून जात नाहीत, अपंग स्त्रीवाद्यांनी हे ठामपणे मांडलंय.
- दया आणि हक्क यांची गल्लत.

केअर एथिक्स (काळजी घेण्याच्या नात्यांना मध्यभागी ठेवणारा नीतिविचार), फ्रेंच विचारवंत फूको वगैरे सध्या राहू दे. रॉल्स वाचताना अडलास तर बिनधास्त विचार.