रत्नागिरी शहराचा इतिहास समजून घ्यायचा असेल, तर काय आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

आपण दोन दिवस रत्नागिरीत असणार आहात आणि आंबे व किनारे यांपलीकडे या शहराचा इतिहास कळावा अशा रीतीने कुठे जावे, असे आपण विचारले आहे. मी मूळचा इथलाच असल्याने माझे मत थोडे पक्षपाती असू शकेल. तरीही सुरुवात थिबा राजवाड्यापासून न करता रत्नदुर्गापासून करावी, असेच मी सुचवीन. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण मार्गावर धावू लागली, पण त्याआधीच्या पिढ्यांना मुंबईहून यायचे म्हणजे आगबोट हाच सोयीचा मार्ग होता, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की तीही बंद पडे. शहरातील बहुतेक महत्त्वाच्या वास्तूंमागे ही एकच गोष्ट आहे.

रत्नदुर्ग, म्हणजेच आमचा भगवती किल्ला, घोड्याच्या नालेसारखा असून त्याच्या तीन बाजूंना समुद्र आहे. बहामनी काळात उभारलेला हा किल्ला पुढे आदिलशाहीकडून शिवाजी महाराजांकडे आला. बालेकिल्ल्यात भगवतीचे मंदिर आहे. दर्शन झाल्यावर लगेच खाली न उतरता तटावर थोडा वेळ थांबावे, कारण शहराची रचना इथूनच नीट उलगडते. उत्तरेला मिरकरवाड्याचे मासेमारी बंदर आणि त्यापलीकडे मिऱ्याचा डोंगर, तर दक्षिणेला मांडवी आणि भाट्याची खाडी दिसते. मिऱ्याच्या बाजूची वाळू पांढरी, म्हणून तो पांढरा समुद्र. मांडवीची वाळू मात्र काळी असून ती इल्मेनाइटसारख्या जड खनिजांमुळे तशी झाली आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी दक्षिण कोकणाचे मुख्य ठाणे आधी बाणकोटला ठेवले होते आणि १८२२ मध्ये ते रत्नागिरीला हलवले. कचेऱ्या, तुरुंग, शाळा आणि वकिलांची वस्ती ही त्यानंतरची वाढ आहे.

टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान अर्ध्या तासात पाहून होते. २३ जुलै १८५६ रोजी ते या घरात जन्मले आणि वयाच्या दहाव्या वर्षी वडिलांच्या बदलीमुळे पुण्याला गेले. तेव्हा घराची मांडणी आणि उतरते कौलारू छप्पर यांवरून त्या काळचे मध्यमवर्गीय कोकणी घर कसे असे, हे पाहण्यासाठी तिथे जावे.

आता इंग्रजांनी इथे आणून ठेवलेल्या माणसांविषयी. रेल्वे नाही, घाट अवघड आणि समुद्र चार महिने बंद, ही आमची अडचण सरकारला फार सोयीची होती. ब्रह्मदेशाचा राजा थिबा १८८५ मध्ये पदच्युत झाला आणि पुढच्याच वर्षी त्याला कुटुंबकबिल्यासह रत्नागिरीला आणण्यात आले. आज जो राजवाडा आपण पाहतो, तिथे तो १९१० मध्ये, म्हणजे जवळजवळ पाव शतक इतर बंगल्यांत काढल्यानंतर राहायला गेला आणि डिसेंबर १९१६ मध्ये वारला. जांभ्या दगडाच्या या इमारतीत अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्यांचे कोरीवकाम आणि त्यांतील रंगीत काचा जवळून पाहाव्यात. पर्यटक बहुधा इथूनच परततात, परंतु शहरात थिबाची समाधीही आहे आणि ती चुकवू नये, असे मला वाटते. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन २०१२ मध्ये तिथे येऊन गेले. राणी सुपयालत १९१९ मध्ये मायदेशी परतली. थोरल्या राजकन्येने मात्र उरलेले आयुष्य रत्नागिरीतच काढले आणि १९४७ मध्ये ती इथेच वारली. तिचा वंश आज इथल्या मराठी घरांत मिसळून गेला आहे. माझ्या दृष्टीने राजवाड्यापेक्षा हीच हकिकत अधिक मोठी आहे.

स्वातंत्र्यवीर सावरकरांनाही याच कारणाने १९२४ ते १९३७ या काळात जिल्ह्याबाहेर न जाण्याच्या आणि राजकारणात भाग न घेण्याच्या अटींवर इथे ठेवण्यात आले. त्या काळात त्यांनी अस्पृश्यता निवारणाचे काम हाती घेतले आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशातून १९३१ मध्ये पतितपावन मंदिर उभे राहिले. सर्व जातींच्या लोकांना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेले मंदिर त्या वेळच्या रत्नागिरीत उभे करणे किती कठीण होते, हे जुन्या आळ्यांतून चालत तिथवर गेल्यास अधिक कळते.

उन्हे उतरल्यावर मांडवीच्या जेटीवर जावे. आगबोटीचे उतारू याच बाजूला उतरत. दुसऱ्या दिवशी सवड उरली, तर उक्षीचे कातळशिल्प पाहावे. ते शहराबाहेर असल्याने वाहन लागेल आणि उन्हाच्या आधी निघणे बरे. वाचनाची आवड असल्यास १८२८ मध्ये स्थापन झालेल्या नगर वाचनालयातही डोकवावे. पावसाळ्यात येणार असाल, तर किल्ल्यावर पायांखालचा जांभा शेवाळाने अत्यंत निसरडा होतो, हे मात्र ध्यानात ठेवावे.