बोका कुंथतो आहे, रात्र काढावी का?

प्रश्न : आमचा चार वर्षांचा बोका गेल्या आठवड्यात संध्याकाळपासून दर पाच-दहा मिनिटांनी मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथत होता. शी अडली असावी, असे समजून आम्ही त्याला साजूक तूप चाटवले आणि रात्र काढली. सकाळी पशुवैद्यांनी लघवी तुंबल्याचे सांगून नळी घातली. बोका वाचला, पण ‘रात्रीच आणायला हवा होता’, असे ते म्हणाले. कोणती लक्षणे दिसल्यावर थांबू नये, आणि केव्हा थांबले तरी चालते?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ही चूक फार जणांकडून होते, कारण कुंथणारे जनावर पाहिले की कुणालाही आधी बद्धकोष्ठच आठवते. बोक्याचा मूत्रमार्ग मात्र मांजरीच्या मानाने फारच अरुंद असतो आणि लघवीतील बारीक खडे व चिकट स्राव यांचा बोळा त्यात सहज अडकतो. मार्ग पूर्ण बंद झाला की मूत्रपिंडांचे काम थांबत जाते, रक्तातील पोटॅशियम वाढते आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. त्यामुळे एक-दोन दिवसांतही जीव जाऊ शकतो. बोका वारंवार ट्रेमध्ये बसतो, ओरडतो, लघवीची जागा सारखी चाटतो आणि माती मात्र कोरडीच राहते किंवा थेंबभर रक्त दिसते, एवढे पुरेसे समजावे. त्यानंतर उलट्या सुरू होऊन तो निपचित पडला, तर वेळ फारच थोडा उरलेला असतो. खात्री करून घेण्यासाठी पोट दाबू नये, कारण तट्ट फुगलेले मूत्राशय फुटण्याचा धोका असतो.

याच तातडीने धावावे अशी इतर लक्षणेही आहेत. कुत्र्याने धापा टाकणे नेहमीचे. मांजराने शांत बसलेले असताना तोंड उघडे ठेवून श्वास घेणे कधीच नेहमीचे नसते. झोपेतील श्वास मिनिटाला ३०च्या आत असतात. ते सतत ४०च्या वर असतील, तर उशीर करू नये. हिरड्या पांढऱ्या, निळसर किंवा पिवळ्या दिसणे, झटके येणे, मागचे पाय अचानक लुळे आणि गार पडणे, उंचावरून पडणे, लिलीचे पान किंवा फूल खाणे, यांतही तेच. पॅरासिटामॉल तर मांजराला विषच आहे. माणसांची अर्धी गोळी ‘तापावर’ देणारे लोक मी पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो. गोळी पोटात गेली असेल, तर लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

केसांचा गोळा एकदा उलटून पडला आणि मांजर पुन्हा खाऊ-खेळू लागले, किंवा एक वेळचे जेवण चुकले, तर सकाळपर्यंत थांबायला हरकत नाही. पूर्ण २४ तास काहीच खाल्ले नसेल, तर मात्र त्याच दिवशी दाखवावे. लठ्ठ मांजरांत उपासाने यकृतात चरबी साठते. मांजर गुरगुरते आहे म्हणून ते सुखात आहे, असे मानू नये, कारण वेदनेतही ते गुरगुरते.

तुमच्या बोक्याला हा त्रास पुन्हा होऊ शकतो, विशेषतः नळी काढल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत. त्याला ओले अन्न व भरपूर पाणी द्यावे आणि ट्रेमधील ओल्या मातीची ढेकळे रोज सकाळ-संध्याकाळ मोजावीत.